निष्पत्तीचा रकाना

फ्लेक्सवाल्यानं छापून आणलं : ‘ज्यूस इतिहास व संस्कृती’.
दोन पोरं दारातून डोकावून विचारून गेली,
सर, मोसंबी का ऊस?
मी ‘स’वर पांढरी पट्टी चिकटवली.
ती पंख्याच्या वाऱ्यानं दुपारभर सुटत राहिली.

एप्रिलचा दुसरा आठवडा, बेचाळीस अंश.
ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या आम्ही.
माणसं एकोणीस,
त्यात चौघं गार माठाच्या आशेनं आलेली.

पुण्याचे प्राध्यापक पडद्यावर
नवगावचा किनारा दाखवत होते :
फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी,
मग घाणा, मग तेल,
आणि शनिवारी बैल मोकळा सोडतात म्हणून
गावानं दिलेलं नाव,
शनवार तेली.
तेवढ्यात वीज गेली.
किनारा गेला, गलबत गेलं,
पडद्याच्या जागी एक पांढरी चादर उरली,
आपल्याच गावची.

मग पहिल्या रांगेतल्या बाईंना बोलायला सांगितलं.
रिबका झिराडकर, वय एक्याऐंशी, रेल्वे लाइन्स.
माईक बंद होता तरी त्यांनी तो हातात धरला.
म्हणाल्या, संवादाचं मला फारसं कळत नाही.
मलिद्याचे पोहे मी मधल्या मारुतीपाशी घेते.
दुकानदार शिवप्पा, गळ्यात लिंग.
एलियाहू हन्नाबीचं आहे म्हटलं की
खडे स्वतः निवडून देतो,
केळं जुळं निघालं तर बदलून देतो.
उधारी मात्र ठेवत नाही.

एका पोरानं युद्धाचं विचारलं.
प्राध्यापक पाणी प्यायले.
बाई म्हणाल्या, धाकटा माझा तिकडंच असतो.
फोन लागला की मी जेवते.
पोरगा उभाच राहिला थोडा वेळ,
मग त्याला बसायचं सुचलं.

शेवटच्या रांगेत मल्लेशम चिलवेरी.
चव्वेचाळीस वर्षं यंत्रमागावर,
आले होते नातीला सोबत म्हणून,
तिला हजेरीचं प्रमाणपत्र हवं होतं.
त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

बाई, तुमचं मालक गार्ड हुते का?
उंच, डाव्या कानानं कमी ऐकायचे?
एक कापड इनून मागितलं हुतं त्यांनी.
पांढरं, दोन्ही कडंला निळं पट्टं.
म्हनले, सूत म्हंजे निव्वळ सूत,
लोकरीचा एक धागा आत यायचा न्हाई.
मी म्हनलं, का वो?
म्हनले, देवाचा कायदा हाय.
मी म्हनलं, मग आमच्या मागाचाबी त्योच की.
दोन जातीचं सूत एका ताण्यात घातलं
की तुटतंय.

प्राध्यापकांनी हे वहीत लिहून घेतलं.
मग थांबले. मग खोडलं.

बाई वळून बघत होत्या,
मान दुखत असावी, तरी बघत होत्या.
चार कोपऱ्यांचे गोंडे त्यांनी घरी बांधले,
गाठी मोजून, त्या म्हणाल्या,
मी दोरा धरला होता.
त्याच कापडात पुरलं त्यांना.
आमच्यात एक गोंडा कापतात आधी,
तो कापला.

कुणी खोकलं नाही.
पंखा बंद होता, पट्टीसुद्धा हलत नव्हती.
चिलवेरींनी एवढंच विचारलं :
निळा उतरला हुता का?

एकतीस वर्षं धुतलं मी, बाई म्हणाल्या.
नाही.

ते बसले. नातीला तेलुगूत काही बोलले.
मी विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, सर.

संध्याकाळी अहवालाचा नमुना भरला.
उपस्थिती : एकोणीस. माठवाले चौघे मी धरले.
निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं,
रंग पक्का.
साहेबांनी लाल पेनानं गोल केला, बाजूला प्रश्नचिन्ह.
मग मी लिहिलं, ‘सलोखा वृद्धिंगत झाला’,
आणि कागद पुढं गेला.

फ्लेक्स घरी आणला, कूलरवर झाकायला.
पट्टी वाटेतच कुठंतरी पडली.